टेकओव्हरच्या वावड्या, अटकळी आणि 'अधिग्रहण': कुठं कोणता शब्द?

दारव्हेकर

तालुक्याच्या साप्ताहिकात अर्थकारणाचं अर्धं पान माझ्याकडं आहे. या आठवड्यात क्रूझच्या धंद्यावर लिहितोय. इकडची काही पोरं हॉटेल मॅनेजमेंट करून जहाजांवर नोकरीला आहेत. 'अमकी कंपनी तमकीला गिळणार' असा मजकूर मोबाईलवर फिरायला लागला की त्यांच्या घरचे मलाच गाठतात. मथळा केला होता, 'क्रूझ कंपनीच्या अधिग्रहणाबाबत अटकळींना उधाण'. छापायच्या आधी एका पोराच्या वडलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "म्हंजे सरकारनं जहाजं घेतली का? मोबदला काय देऊन राहिले?"

आता मला दोन गोष्टी ठरवायच्या आहेत. टेकओव्हरला आपल्या भागातल्या वाचकाला चटकन समजेल असा शब्द कोणता? आणि स्पेक्युलेशनला अटकळ म्हणायचं, सट्टा म्हणायचं, की आणखी काही?

आर्वीकर

वडलांनी बरोबर वाचलं, दादा. मथळ्यातच घोळ आहे. मी जमिनीच्या केसेस चालवते, म्हणून सांगते. आपल्याकडं अधिग्रहण म्हटलं की उन्हाळ्यातली विहीर आठवते. टंचाई आली की तहसीलदार खासगी विहीर किंवा बोअर अधिग्रहित करतात. मालक तोच राहतो, सातबारा तोच राहतो, पाणी तेवढं गावाला जातं आणि मालकाला महिन्याचा मोबदला मिळतो. निवडणुकीत जीपगाड्या अधिग्रहित होतात, त्याही मतदान आटोपलं की परत येतात. म्हणजे मराठी सरकारी भाषेत अधिग्रहण हे बहुधा तात्पुरतं असतं आणि करणारं सरकार असतं. कंपनी विकत घेण्याला हा शब्द हिंदी बातम्यांतून आला आणि आपल्या पेपरांनी तो जसाच्या तसा उचलला.

बरं, मग 'संपादन' लिहावं तर तिथंही अडचण. इकडं संपादन म्हणजे भूसंपादन. गोसीखुर्द धरणाच्या पट्ट्यात हा शब्द नुसता उच्चारून बघा.

माझं मत 'ताबा'. कंपन्यांच्या कायद्याचा सगळा भर त्यावरच आहे. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०११ च्या नियमांत बहुसंख्य संचालक नेमायचा हक्क किंवा धोरण ठरवायचा हक्क म्हणजे कंट्रोल, आणि तोच आपला ताबा. मालकी शंभर टक्के लागत नाही. कुणाकडं २५ टक्के मतं गेली की त्याला उरलेल्या भागधारकांपुढं किमान आणखी २६ टक्के शेअर विकत घ्यायची खुली ऑफर ठेवावी लागते. सातबाऱ्यावर एकाचं नाव आणि वहिती दुसऱ्याची, हे आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. ताबा आणि मालकी वेगळी असते हे त्यांना वकिलापेक्षा जास्त कळतं.

ब्रह्मपुरीकर

'कब्जा' का नको जी? लोकं तेच बोलतात.

आर्वीकर

कब्जा बोलायला ठीक, छापायला नको. कब्जा म्हटलं की कुणीतरी धुरा फोडून आत घुसलंय असं वाटतं. इथं तर भागधारक पैसे घेऊन राजीखुशीनं शेअर विकतात.

याच ओघात एक इशारा. संचालकांना नको असलेल्या टेकओव्हरला कुणी 'प्रतिकूल ताबा' लिहिलेलं मी वाचलंय. दादा, हे चुकूनही करू नका. जमिनीच्या कायद्यात प्रतिकूल ताबा ही वेगळीच चीज आहे. दुसऱ्याची जमीन उघडपणे, मालकाचा हक्क नाकारून बारा वर्षं वाहिली आणि मालक गप्प बसला, तर मालकाचा दावा मुदतबाह्य होतो. कोर्टात आमचं अर्धं आयुष्य त्यावर जातं. 'शत्रुत्वपूर्ण' हा शब्दही मला बनावट वाटतो, कारण शत्रुत्व असलंच तर ते संचालकांशी असतं, भागधारकांशी नसतं. 'संचालकांना डावलून लावलेली बोली' लिहा. चार शब्द होतात, पण खरे होतात.

खामगावकर

ताईंशी सहमत. शेअर दलालीत बरीच वर्षं काढली, म्हणून क्रूझ धंद्यातलाच एक दाखला देतो. शब्द का जपून वापरायचे ते त्यात दिसतं.

नोव्हेंबर २००१ मध्ये रॉयल कॅरिबियन आणि ब्रिटनची पी अँड ओ प्रिन्सेस यांनी बरोबरीच्या नात्यानं एकत्र यायचं जाहीर केलं. पेपरांनी 'विलीनीकरण' छापलं. डिसेंबरात कार्निव्हल मधे पडली आणि प्रिन्सेससाठी स्वतःची बोली लावली. प्रिन्सेसच्या संचालकांना ती नको होती. आता पेपरांत 'टेकओव्हर' आलं. आधीच्या दोघींनी दक्षिण युरोपच्या बाजारासाठी एक भागीदारी करून ठेवली होती आणि ताबा तिसऱ्याकडं गेला तर ती महागात पडेल अशी तिची कलमं होती. कार्निव्हलनं तिला 'पॉइझन पिल' म्हटलं, म्हणजे घेणाऱ्याला अडवायची युक्ती. फेब्रुवारी २००२ मध्ये प्रिन्सेसच्या भागधारकांनी रॉयल कॅरिबियनबरोबरच्या प्रस्तावावरचं मतदानच पुढं ढकललं. ऑक्टोबरात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं दोन्हीपैकी कुठलाच प्रस्ताव अडवला नाही, आणि प्रिन्सेसचं संचालक मंडळ कार्निव्हलकडं वळलं. सौदा मोडल्याबद्दल रॉयल कॅरिबियनला ६ कोटी २५ लाख डॉलर मिळाले. एप्रिल २००३ मध्ये व्यवहार पुरा झाला.

आता पुरा झाला म्हणजे काय झालं ते बघा. प्रिन्सेस मोडीत निघाली नाही. तिचं नाव बदलून कार्निव्हल पीएलसी झालं आणि तिचे शेअर लंडनला चालू राहिले. अमेरिकेतली कार्निव्हल कॉर्पोरेशन न्यूयॉर्कला चालू राहिली. तेव्हा कंपन्या दोन, शेअर दोन, संचालक तेच आणि कारभार एक. विलीनीकरण म्हणावं तर दोन्ही कंपन्या जिवंत राहिल्या. संपादन म्हणावं तर एकीनं दुसरीचे सगळे शेअर विकत घेतले नव्हते. दीड वर्ष रोज छापून येणारे दोन्ही शब्द शेवटी कायद्याच्या काट्यावर उतरलेच नाहीत. 'कारभार कुणाच्या हाती जाणार' एवढंच पहिल्या दिवसापासून लिहिलं असतं तर ते शेवटपर्यंत टिकलं असतं.

वरुडकर

ते ६ कोटी २५ लाख म्हंजे आपला इसारच झाला ना काका? फक्त उलटा. आमच्याइकडं व्यापारी संत्र्याचा बगीचा झाडावरच घेते, इसार देते, अन् भाव पडला की फोन उचलत नाही. इसार बुडला त बुडला त्याचा. तिकडं विकणाऱ्यानं शब्द फिरवला म्हून विकणाऱ्यालेच भरा लागले. हे कलम आमच्या सौदाचिठ्ठीत काऊन नसते?

खामगावकर

अगदी तसंच, भाऊ. पण त्याला इसार नको, 'सौदा मोडल्याची भरपाई' म्हणू. इसार आधी हातावर ठेवतात, ही मोडल्यावर द्यायची.

आता स्पेक्युलेशन. या एका शब्दात दोन धंदे आहेत, एक डोक्याचा आणि एक खिशाचा. मराठीनं ते केव्हाच वेगळे केलेत, तेव्हा आपण परत एकत्र करू नयेत. नुसता अंदाज असेल तर अटकळ. अंदाजावर पैसे लावले तर सट्टा. टेकओव्हरच्या बातमीत दोन्ही असतात, पण माणसं वेगळी असतात.

समजा १०० रुपयांची बोली जाहीर झाली आणि शेअर ९२ ला चालू आहे. मधले आठ रुपये म्हणजे सौदा फिसकटेल ही बाजाराची शंका. ती शंका खोटी ठरेल असं मानून जो ९२ ला घेतो, तो सट्टा खेळतो. बाकीचे नुसते बोलून राहिलेत.

दारव्हेकर

काका, 'सट्टा' छापला तर इकडं पोलिसांची धाड आठवते. सट्टापट्टी, आकडा.

खामगावकर

आठवूद्या. नातं आहेच. मुंबईचा आकडा मुळात न्यूयॉर्क कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावांवर लागायचा. पिकवणारे आपण, भाव न्यूयॉर्कचा आणि आकडा मुंबईचा! डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं सोयाबीन आणि हरभऱ्यासकट सात शेतमालांचे वायदे थांबवले, तेव्हा गावागावांत 'वायदे म्हणजे सट्टा की नाही' यावर वाद झाले होते. वाचकाला हा शब्द पुरता ठाऊक आहे. फक्त जिथं पैसा लागलाय तिथंच वापरा.

आर्वीकर

अटकळीच्या घरातले शब्दही एकसारखे नाहीत हो. मी असे लावते:

अटकळ बांधायला काहीतरी खूण लागते. एप्रिल २०२० मध्ये जहाजं बंदरात उभी, कार्निव्हलचा शेअर कोसळलेला, आणि सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीकडं तिचे ८.२ टक्के शेअर असल्याचं उघड झालं. अमेरिकेत काय आणि आपल्याकडं काय, पाच टक्क्यांच्या वर गेलं की जाहीर करावंच लागतं, म्हणून ते कळलं. त्यावरून 'सौदी आणखी घेतील का' असं कुणी म्हटलं तर ती अटकळ. कयास तिचा सख्खा भाऊ, जरा जास्त विचार केलेला. 'तर्कवितर्क' दहा तोंडांचे असतात, म्हणून तो शब्द नेहमी अनेकवचनात येतो.

वावडी उठते, तिला धनी नसतो. वावडी म्हणजे मूळचा पतंग, दोरा कुणाच्या हातात ते खालून दिसत नाही. कंडी मात्र कुणीतरी मुद्दाम पिकवतो. स्वतःकडचे शेअर चढ्या भावानं खपवायला जो 'कंपनी विकली जाणार' सोडून देतो, तो कंडी पिकवतो, आणि तो गुन्हा आहे. दादा, तुमच्या मोबाईलवर फिरणारा मजकूर यातला कोणता, ते आधी ठरवा. 'अटकळींना उधाण' लिहिलंत की तुम्ही त्याला खूण असल्याचा दाखला देऊन बसता.

ब्रह्मपुरीकर

ताई, पण कंपनीच बोलत नाही तर पेपरवाल्यानं वावडी आहे का कंडी आहे हे ओळखावं कसं?

खामगावकर

आता बोलावं लागतं. १ जून २०२४ पासून बाजारमूल्यात पहिल्या शंभर आणि १ डिसेंबर २०२४ पासून पहिल्या अडीचशे कंपन्यांना सेबीनं बांधून घातलंय. माध्यमांत अफवा आली आणि शेअरचा भाव ठरलेल्या मर्यादेपलीकडं हलला, तर २४ तासांत हो, नाही किंवा काय ते स्पष्ट सांगायचं. ब्रिटनचा नियम आणखी रोखठोक. घेणाऱ्याचं नाव जाहीर झालं की त्याला २८ दिवस. तेवढ्यात पक्की बोली लाव, नाहीतर घेत नाही म्हणून सांग. नाही म्हटलं की साधारण सहा महिने परत फिरकायचं नाही.

वरुडकर

घ्यायचं असन त बोल, नाही त सरक! हा नियम आमच्या मंडीत आना.

खामगावकर

आणखी एक. वावडी उठायला शेअर बाजारात असावा लागतो. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन यांचे शेअर बाजारात आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल कायम कुजबुज असते. एमएससी तेवढीच मोठी, पण एका कुटुंबाच्या मालकीची. तिचा ताबा बाजारातून कुणाला घेताच येणार नाही. फिरत्या मजकुरात 'एमएससीचे शेअर घ्या' असेल तर पुढं वाचूच नका.

दारव्हेकर

हे पानात घेतो. आणि घरच्यांना काय सांगू? पोरांच्या कराराचं?

आर्वीकर

शेअर हातबदल झाले तरी कंपनी तीच राहते आणि करारावरची सही तिचीच राहते. त्यामुळं नुसत्या टेकओव्हरनं करार तुटत नाही. पुढं नवा मालक जहाजं कमी करतो का, हा वेगळा प्रश्न. बातमीत 'कंपनीचा ताबा' आहे की 'जहाजाची विक्री' आहे ते वेगळं लिहा, कारण जहाज विकलं तर बाकी सगळं बदलतं. मुंबईहून २०१९ मध्ये सुटणारी 'कर्णिका' आठवते? १९९० मध्ये ती 'क्राउन प्रिन्सेस' नावानं सेवेत आली, पुढं नावं बदलत 'पॅसिफिक ज्वेल' झाली, मग आपल्याकडं आली आणि २०२० मध्ये अलंगला भंगारात गेली. आता मुंबईहून जाते ती 'एम्प्रेस' एकेकाळी रॉयल कॅरिबियनची होती. कंपन्या तिकडं ठणठणीत, जहाजं मात्र इकडं आली.

दारव्हेकर

मग मथळा असा: 'क्रूझ कंपनीचा ताबा बदलणार? सध्या तरी वावडीच'. आत 'बोली', 'चढी बोली', 'भागधारक', 'सौदा मोडल्याची भरपाई'. चढाओढीला 'हर्रास' घेऊ का? रेतीघाटामुळं सगळ्यांना माहीत आहे.

आर्वीकर

हर्रास नको. त्यात विकणारा स्वतः पुकारतो. इथं प्रिन्सेसनं कुणाला पुकारलं नव्हतं.

दारव्हेकर

बरं. शेवटचं, 'पॉइझन पिल'. बाकीचे पेपर 'विषाची गोळी' लिहितात.

वरुडकर

ते नका छापू भाऊ. आपल्या जिल्ह्यात तरी नका. 'औषध घेतलं' म्हटलं की लोकं घराचं नाव विचारते.

ब्रह्मपुरीकर

खरं आहे जी. 'खोडा' लिहा. संचालकांनी खोडा घातला.

आर्वीकर

खोडा चालेल. घेणाऱ्याला अडवायला घातलेला असतो आणि काढताही येतो. प्रिन्सेसचाही शेवटी निघालाच.

दारव्हेकर

'खोडा' घेतला. पान उद्या संध्याकाळी लागतंय, तोवर कुणाला 'भागधारक' खटकत असेल तर सांगा. आमचा जुळारी म्हणतो 'शेअरवाले' लिहा, जागा कमी लागते.