मुंबईतून रविवारचे ट्रेक : वाटा आणि सोबत

नमस्कार मंडळी,
नोव्हेंबर ते फेब्रुवारी माझा मुक्काम ठाण्यात आहे. पहाटे निघून रात्री घरी येता येईल आणि स्वतःची गाडी लागणार नाही, असे ट्रेक सुचवाल का? इथे परदेशात वाटांवर पाट्या असतात. सह्याद्रीत एकटीने जाणार नाही, मग सोबत कुठे शोधू?
— मानसी

मानसीताई,
किल्ला नंतर, आधी स्टेशन ठरवा. सुरुवातीला कोथळीगड, म्हणजे पेठचा किल्ला, घ्या. कर्जतहून शेअर रिक्षा किंवा टमटमने कशेळे आणि तिथून आंबिवली. पुढे रुंद मळलेली वाट आहे, पेठ गावापर्यंत दीड-दोन तास. गावातून अर्ध्या-पाऊण तासात कोरीव खांबांची गुहा येते आणि तिच्याजवळून सुळक्याच्या पोटात खोदलेला जिना थेट माथ्यावर नेतो. दृष्टीभयाची, म्हणजे बाजूची खोल दरी पाहून भीती वाटावी अशी, जागा जवळजवळ नाही. मात्र संध्याकाळी आंबिवलीहून परतीचं वाहन मिळेलच असं नाही. सकाळच्याच रिक्षावाल्याशी वेळ ठरवून त्याचा नंबर घ्या.

आसनगावहून माहुली याहून दमवणारा आहे. चढ सलग अंगावर येतो आणि माथ्याजवळ लोखंडी शिडी आहे. पनवेलजवळचा कर्नाळा सोपा, पण सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. तिथे अत्तर, धूर, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून लगेच लांब जा. राजमाचीला मात्र उधेवाडीत मुक्काम करा. लोणावळ्याहून जाऊन दुसऱ्या दिवशी कोंढाणे लेण्यांवरून कोंदिवड्याला उतरायचं. हा ट्रेक एका दिवसात उरकू नये असं माझं ठाम मत आहे. कलावंतीणचा सुळका रविवारी टाळा, अरुंद कातळपायऱ्यांवर रांग लागते आणि बाजूला कठडा नाही.

वाट चुकते ती बहुधा उतरताना. चढताना सोंडा, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारा, एकत्र येत जातात, उतरताना त्याच फुटतात. म्हणून प्रत्येक फाट्यावर मागे वळून फोटो काढा. नोव्हेंबरात गवत पुरुषभर असतं, त्यात ढोरवाटा खऱ्या वाटेपेक्षा ठळक दिसतात. वाट कारवीच्या झुडपांत बारीक होत संपली, तर पुढे न रेटता शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे या. दुपारी 1 वाजता जिथे असाल तिथून परत फिरायचं, माथा राहिला तरी. डिसेंबरात सहानंतर झाडीत लगेच अंधारतं. हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा, मोबाईलचा उजेड धरला की एक हात अडकतो.

पाणी माणशी 3 लिटर. गडावरच्या पाण्याच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका. आणि तिकडचे जाड, कडक सोलचे बूट आणू नका. शेवाळलेल्या कातळावर ते घसरतात. मऊ रबरी सोलचे ॲक्शन ट्रेकिंग शूज इथे वर्षानुवर्षं लोक वापरतात, ते ठाण्यातच घ्या आणि ट्रेकआधी आठवडाभर रोज घालून चाला.
— केदार, डोंबिवली

मानसी,
सोबतीबद्दल. गिरिविहार ही 1954 पासूनची संस्था, मुलुंडची चक्रम हायकर्सही जुनी. अशा संस्थांमध्ये ट्रेकची माणसं वर्षानुवर्षं तीच असतात, त्यामुळे ओळखी टिकतात. सोशल मीडियावरच्या व्यावसायिक ग्रुपबरोबर जायचं असेल, तर पैसे भरण्याआधी विचारा: लीडर किती, त्यांनी बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का, एकूण माणसं किती? दहा जणांमागे एक लीडर हवाच, शिवाय सगळ्यात शेवटी चालणारा एक अनुभवी माणूस वेगळा. जो ग्रुप तुमचा दमा, रक्तदाब, घरच्यांचा नंबर विचारत नाही, तो सोडा. लीडर पुढे पळतो आणि मागचे एकटे पडतात, अपघाताची सुरुवात बहुतेकदा तिथेच होते.

पहिल्यांदा सोप्या ट्रेकला जाऊन ग्रुप जोखा, कातळटप्प्याचे किल्ले नंतर. गावातला वाटाड्या घेतलात तर पैसे आधी ठरवा आणि जेवणही गावातच सांगा, डबे वाहावे लागत नाहीत.

आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बऱ्याचदा असतो. शनिवारी रात्री जाहीर वेळापत्रक बघा. जाताना सहसा अडचण येत नाही, दुपारच्या परतीला येते.
— नीलिमा, मुलुंड