व्यायाम, वजन आणि लोकांच्या नजरा : कॉलेजातल्या मुलींनो, अनुभव लिहा

गणपतीत रात्रभर फुगड्या घालणाऱ्या मुली कॉलेजच्या मैदानावर मात्र कडेला बसतात. शरीरावरून कोण काय बोललं आणि त्यापायी खेळणं सुटलं की टिकलं, ते लिहा. डाएटचे तक्ते नकोत, त्याला व्हॉट्सॲप आहे.

कुडाळ, बी.कॉम.
मी जाडी. दोन जिने चढले की धाप, आणि सगळ्यांचं निदान एकच : वजन. रात्रीचं जेवण सोडलं तर कुणी अडवलं नाही, उलट बाजारात काकी म्हणाल्या, "बारीक झालंस गो, बरां दिसतंस!" धाप तशीच. शेवटी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.६, हवं किमान १२. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, म्हणजे मी काही जगावेगळी नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या (शौचाला काळं होतं, घाबरू नका) आणि गोळीबरोबरचा चहा बंद केला. आता लायब्ररीचे जिने एका दमात चढते. जेवते, त्यामुळे वजन पुन्हा होतं तिथे. काकींचं तोंड वाकडं.

रत्नागिरी, तिसरं वर्ष
खो-खो खेळते. खांबावर झेप घेऊन घेऊन गुडघे काळे पडलेत. "बघायला आले की काय सांगायचं?" ही आईची काळजी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिल्या विश्वचषकाच्या फायनलला आपल्या मुलींनी नेपाळला हरवलं, ती मॅच आई माझ्या शेजारी बसून बघत होती. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना लावायला खोबरेल काढून ठेवलं. शॉर्ट्सचा विषय अजून मिटलेला नाही.

मालवण
चिवल्याला सागरी जलतरण स्पर्धा होते. बाहेरगावच्या मुली पाण्यात, आमच्या वाडीतल्या टाळ्या वाजवायला. मी पंजाबी ड्रेसमध्ये पोहायला शिकले. भिजला की तो असा जड होतो की पाय मारवत नाहीत, ओढणी तर गळ्यालाच. लाज राखायला जीव धोक्यात! मग आत्याने गुडघ्यापर्यंतचा स्विमसूट मागवून दिला. पहिल्या दिवशी पोट दिसू नये म्हणून श्वास ओढून उभी राहिले. तसं पोहता येत नाही, हे पाण्यानेच सांगितलं.

दापोली, होस्टेल
बारीक मुलींचंही लिहा कुणीतरी. "हाडं मोजून घेऊ का?" हा विनोद आमच्या मेसमध्ये रोजचा. बाकी, जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम सांगते. प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं, आमचं गेट सातला बंद. मुलांचं दहाला.