एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळांचे आईबाबा आणि योग : काय जमतं, काय नाही

पारवा
अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा शेजारचा धागा वाचला आणि मॉनिटरची टुंगटुंग पुन्हा कानात सुरू झाली. तिथे 'आईबाबांनी योगा करावा' असं सगळेच लिहितायत, पण काय आणि कसा ते कुणीच नाही. नेमकं ठाऊक असेल ते इथे लिहा.
सुरुवात करते. खुर्चीत पाठ टेकवा, पावलं जमिनीवर. नाकाने 4 अंक मोजत श्वास आत, 6 अंक मोजत बाहेर. असं 3 मिनिटं, बस. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते, सगळी मदार त्यावर. छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेऊ नका. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि माणूस आणखीच घाबरतो.

रात्रपाळी
मॉनिटरकडे बघत श्वास मोजू नका!! बाळाचे ठोके मिनिटाला 120 ते 160 च्या आसपास असतात, त्या तालावर गेलात तर संपलंच. नजर बाळाच्या पावलावर ठेवा. आणि बरेचसे अलार्म पाय हलल्यामुळे प्रोब (पायाला लावलेला सेन्सर) सरकला म्हणून वाजतात. वाजला की आधी बाळाचा रंग बघा, सिस्टरला हाक मारा. आकड्याशी भांडू नका.

उसवलेले_टाके
सिझर झालेल्यांसाठी. कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरणं किमान 6 आठवडे नाही, पुढेही डॉक्टरांना विचारूनच. पोटाला आतून झटका बसतो, टाके ओढले जातात. भुजंगासन सुचवणाऱ्यांनी दूध भरलेलं असताना पालथं झोपून दाखवावं.
चालतं ते : बसल्या जागी घोटे दोन्ही बाजूंनी 10-10 वेळा फिरवणं, चवडे-टाचा उचलणं (तासन् तास बसून पायात गुठळी व्हायची भीती असते), खांदे कानांपर्यंत नेऊन उच्छ्वासासोबत सोडून देणं. पलंगावरून उठताना कुशीवर वळून, हातावर जोर देऊन. बीपी वाढलेलं असेल तर डोकं खाली जाणारं काहीच नको.

अर्धी_झोप
भ्रामरी (भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं) बाळाच्या काचेच्या पेटीशेजारी, म्हणजे इन्क्युबेटरशेजारी, बसून केली तर चालेल का? बाळालाही ऐकू येईल

रात्रपाळी
@अर्धी_झोप नको. आत आवाज 45 डेसिबलच्या खाली असावा असं धरतात. पेटीवर नुसती बाटली ठेवली तरी आत दणका बसतो. बाहेर बाकावर 5-7 वेळा करा. कानात बोटं घातलीत, चटईला हात लागले, फोन धरलात, तर आत जाताना हात पुन्हा कोपरापर्यंत धुवायचे. अंगठ्या काढून.

पंपवाली
धुऊन धुऊन कातडी फाटते त्याचं काय ते पण सांगा कुणीतरी

रात्रपाळी
हात टिपून कोरडे करा, चोळू नका. बिनवासाचं क्रीम घरी जाताना.

कांगारूचा_बाबा
कांगारू केअरबद्दल (बाळाला आपल्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून धरणं) अजून कुणीच कसं बोललं नाही? 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एडगर रे यांनी सुरू केलेली पद्धत, आणि ती बाबांनाही जमते. ताण हलका करायला हिच्याइतकं दुसरं काही नाही, आसनं नंतर. बसण्याआधी लघवीला जाऊन या, पाणी प्या, मान-खांदे सैल करा. एकदा बसलात की निदान तासभर उठायचं नाही, कारण बाळाला सारखं उचलून ठेवण्यानेच ते दमतं. खुर्ची थोडी मागे कललेली, कोपरांखाली उशी. बाळाची मान एका कुशीला आणि किंचित वर, हनुवटी छातीत रुतायला नको. मग फक्त जबडा सैल आणि सावकाश उच्छ्वास. डोळा लागतोय असं वाटलं तर लगेच सिस्टरला सांगा.

पंपवाली
पंपिंगआधी 2 मिनिटं पारवाचा 4-6 श्वास. ताणात ऑक्सिटोसिन (दूध उतरवणारं संप्रेरक) अडतं, दूध असूनही उतरत नाही. दिवसातून 8 वेळा पंप म्हणजे 8 वेळा आपोआप सराव होतो, वेगळा वेळ काढायला नको. आणि बाटलीवर मोजा चढवा!! मिली बघत बसलात की खांदे पुन्हा वर.

कांगारूचा_बाबा
मोजा कुणाचा? बाळाचा तर माझ्या अंगठ्यालाही होत नाही 😀

पंपवाली
धुतलेला कुणाचाही. म्हणजे तुमचा नको.

अर्धी_झोप
योगनिद्रा डोळे मिटूनच करावी असं नाही. डोळे मिटल्यावर नळ्या आणि वायरीच दिसत असतील तर अर्धे उघडे ठेवा, तळवे जमिनीला टेकलेले जाणवू द्या. 'पोटाकडे लक्ष न्या' असं रेकॉर्डिंगमध्ये आलं आणि रडू फुटलं तर तो भाग पुढे सरकवा. एकच इअरफोन लावा, हाक ऐकू आली पाहिजे.
बाकी नातेवाइकांच्या फोनवर कुठलं आसन आहे?

पारवा
रोज संध्याकाळी ग्रुपवर एकच मेसेज. वजन विचारणाऱ्यांना उत्तर न देणे हा प्राणायामच.

उसवलेले_टाके
एक राहिलं. 2 आठवडे सतत रडू, बाळाजवळ जावंसंच न वाटणं, वेळ मिळूनही झोप नाही, तर श्वास मोजत बसू नका, डॉक्टरांना सांगा. बाळंतपणानंतरचं नैराश्य तपासणाऱ्या एडिनबर्ग प्रश्नावलीत 10 प्रश्न असतात, मागून घ्या. बाबांनाही लागू. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर त्याच क्षणी सांगा.

अर्धी_झोप
@कांगारूचा_बाबा खुर्चीला हात नसतील तर?

कांगारूचा_बाबा
मांडीवर 2 उशा, आणि खुर्ची भिंतीला टेकवून.