जुना फ्लॅट घेऊन दुरुस्त केलात? मुंबईत उपनगर कसं निवडलंत, ते लिहा

आम्ही दोघं भांडुपला स्वतःच्या घरात राहतो. आता दुसरं एक वन बीएचके घ्यायचं ठरवलंय. जुन्या बिल्डिंगमधलं, म्हणजे किंमत आवाक्यात राहील. नीट दुरुस्त करायचं, भाड्याने द्यायचं आणि पंधरा-वीस वर्षं हातात ठेवायचं. लेक आत्ता सातवीत आहे, तिच्यासाठी. चार महिन्यांत अकरा घरं पाहून झाली: बोरिवली, कांदिवली, मुलुंड, चेंबूर. प्रत्येक एजंट एकच सांगतो, "मेट्रो येतेय, डोळे झाकून घ्या." डोळे झाकून घ्यावं असा हा पैसा नाही. दोघांच्या अठरा वर्षांच्या नोकरीतून तो साठलाय.

कांदिवलीतलं एक घर मनात पक्कं बसलं होतं. हॉलला नवं पीओपी, भिंतींना ताजा रंग. निघता निघता ह्यांनी स्टुलावर चढून स्वयंपाकघरातल्या माळ्यावरची खोकी बाजूला केली. वर स्लॅबची सळई उघडी पडलेली, गंजाचे पापुद्रे सुटलेले. हात लावला तर पापुद्रा बोटावर आला. तेव्हापासून मी कुठलंच घर मनात बसवून घेत नाही.

ज्यांनी असं घर घेतलं, उखडलं, पुन्हा उभं केलं आणि तीन-चार वर्षं तरी सांभाळलं, त्यांनी कृपया लिहा. उपनगर कशावरून निवडलं? काय चुकलं? चालू भाव नकोत, ते एजंट सांगतातच.

विलेपार्ले पूर्वेहून

आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवरून विमानाची सावली सरकत जाते, इतकं ते खालून जातं. आमची बिल्डिंग विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानं उतरतात-चढतात त्या पट्ट्याखाली येते, त्यामुळे उंचीवर बंधन आहे. मी घर घेतल्यापासून तीन बिल्डर आले, गणित मांडून बघितलं आणि परत गेले. २०११ मध्ये घर घेतलं तेव्हा भाऊ म्हणाला होता, "तिथे रीडेव्हलपमेंट व्हायची नाही, पैसे अडकवू नकोस." मी काही दूरदृष्टीने घेतलं नाही. माझी शाळा इथली, आजोळ इथलं, म्हणून घेतलं.

पण दुरुस्त करून ठेवायला घर घेताय ना, मग हा मुद्दा नीट ऐका. मुंबईत पस्तीस वर्षांच्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं की डोक्यावर एकच प्रश्न असतो: ही पडून नवी होणार का, आणि कधी? जिथे ती लवकर पडणार, तिथे आतल्या दुरुस्तीवर घातलेला पैसा मलब्याच्या गोण्यांतून जातो. जिथे ती पडणार नाही, तिथे तोच पैसा वीस वर्षं उपयोगी पडतो. मी २०१२ मध्ये सगळी नळजोडणी बदलली, जुन्या लोखंडी पाइपांच्या जागी सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लॅस्टिकचे टाकले. वायरिंग नवं केलं, मोरीची बाथरूम केली. आज तेरा-चौदा वर्षं झाली, एक रुपया वाया गेलेला नाही. भाडेकरू सोडून जातो तेव्हा फक्त नवा रंग देते.

मात्र अशा ठिकाणी बिल्डिंगची दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते, बिल्डर येऊन सोडवणार नसतो. २०१७ मध्ये आमच्या सोसायटीने खांब आणि बीमची मोठी दुरुस्ती काढली. प्रत्येक घराला ३ लाख ८० हजार आले. अठरा घरं, त्यातली सात पेन्शनवाल्यांची. दहा हप्ते करून दिले आणि एकानेही बुडवले नाहीत. माझ्या मते मी उपनगर नाही निवडलं, हे अठरा शेजारी निवडले. घर घेण्याआधी सेक्रेटरीकडे बसून सिंकिंग फंडात (बिल्डिंगच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीत) किती आहेत, थकबाकीदार किती आहेत, हे विचारून या. तो टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालंच.

टिळकनगर, चेंबूरहून

वरच्या ताईंचं वाचून पोटात कालवलं, कारण आमचं नेमकं उलट झालं. टिळकनगर ही म्हाडाची जुनी वसाहत. २०१८ मध्ये घर घेतलं आणि नऊ लाख घातले. ओट्याला काळा ग्रॅनाईट, खाली ट्रॉल्या, कडप्प्याची सगळी मांडणी काढून टाकली. बायकोने दुकानात तीन शनिवार घालवून टाइल्स निवडल्या होत्या. दोन वर्षांनी सोसायटीने विकासकाशी करार केला. मी विरोधात नव्हतो, असतो तरी उपयोग झाला नसता. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या २०१९ च्या निर्देशांनुसार ५१ टक्के सभासदांची संमती पुरते.

नवं घर मोठं मिळालं, मधल्या काळाचं भाडंही वेळेवर मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो ओटा काढायला कामगार आले तेव्हा बायको खाली जाऊन उभी राहिली. चूक माझी होती. आधीच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात पुनर्विकासाचा ठराव लिहिलेला होता. मी इतिवृत्त मागितलंच नाही. शेअर सर्टिफिकेट, सूची क्रमांक २ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), नो ड्यूज, सगळं तपासलं. तेवढं राहिलं. तुम्ही मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं मागा. ठराव असेल तर फक्त रंग, नळ आणि वायरिंग करा, बाकी जसंच्या तसं ठेवा.

चारकोप, कांदिवली पश्चिमेहून

आमचं बैठं घर, चौकातलं. चारकोपची आखणी १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीच्या म्हाडाच्या योजनेतून झाली, लहान लहान प्लॉट आणि मध्ये मोकळा चौक. २०१६ ला घेतलं. घर छान, चौकातली माणसं छान, घोळ कागदांत होता. मूळ लाभार्थ्याने नुसत्या मुखत्यारपत्रावर विकलेलं, पुढच्याने पुन्हा तसंच. साखळीतला एक माणूस वारला होता, त्याची मुलं तीन गावांना. नावावर व्हायला चौदा महिने लागले. तोपर्यंत बँक कर्ज देईना आणि मी वीट हलवू शकत नव्हते. म्हाडाच्या वसाहतीत घ्यायचं तर मूळ वाटपपत्रापासून आपल्यापर्यंत प्रत्येक हस्तांतर नोंदलेलं आहे का, हे बयाणा देण्याआधी बघा.

मेट्रोबद्दल एजंट खोटं बोलतात असं नाही. आमच्याकडच्या मेट्रो २ए चा पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्ये डहाणूकरवाडीपर्यंत आला, जानेवारी २०२३ पासून ती थेट अंधेरीच्या डी. एन. नगरपर्यंत जाते. त्यानंतर आमच्याकडे अंधेरीत नोकरी करणारे भाडेकरू यायला लागले. पण मी २०१६ ला घेतलं तेव्हापासून ती "येत" होती. सहा वर्षं भाडं जिथल्या तिथे होतं. चालू झालेल्या मेट्रोला पैसे द्यावेत, येणाऱ्या मेट्रोला देऊ नयेत, असं माझं मत झालंय.

आणि घर तुमच्या नावावर घ्या, ताई. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासकट ६ टक्के पडतं. फक्त बाईच्या नावावर असेल तर त्यात १ टक्का सूट आहे. माझ्या वेळी ती नव्हती.

चेंबूर, पोस्टल कॉलनीजवळून

थोडक्यात लिहितो. तळमजला स्वस्त मिळाला म्हणून घेतला, एप्रिलमध्ये. जुलैत घोटाभर पाणी घरात. नवी प्लायवूडची कपाटं खालून फुगली, दारं लागेनात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला तेव्हा सगळीकडेच पाणी होतं, तो दिवस हिशोबात धरू नका. दरवर्षीच्या साध्या जोरदार पावसात काय होतं ते बघा. जिन्याखालचा मीटर-बोर्ड बघा. तो मुद्दाम उंचावर हलवलेला असेल, जुन्या जागेची भोकं भिंतीत दिसत असतील, तर समजून जा. मला ती भोकं दिसली होती, अर्थ लागला नव्हता.

दहिसरहून

मी सिव्हिल इंजिनियर आहे. २६ वर्षं उपनगरांतल्या जुन्या बिल्डिंगींची दुरुस्ती करतोय. धागा काढणाऱ्या ताईंच्या मिस्टरांनी माळा उघडला, ते अगदी योग्य केलं. रंग माळ्यात पोचत नाही, म्हणून मीही आधी माळाच बघतो.

सळई गंजली की फुगते, फुगली की वरचं काँक्रीट सोडून देते. इथे खारी हवा आहे, चार महिने पाऊस आहे, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कित्येक कामांत सळईवरचं काँक्रीटचं आवरण मुळातच कमी ठेवलेलं आहे. सगळ्यात आधी सडतो तो संडास-बाथरूमखालचा स्लॅब. म्हणून जे घर घेताय ते बघून झालं की त्याच्या खालच्या घराचं दार वाजवा आणि त्यांच्या बाथरूमचं छत दाखवा म्हणा. लोक दाखवतात, उलट खूश होतात, कारण वर्षानुवर्षं ते वरच्यांना तेच सांगत असतात. खांबावर आणि बीमवर नाण्याने ठोकून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. डब डब आला तर आतलं सुटलंय.

तिसाव्या वर्षानंतर बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याने बंधनकारक आहे. अहवालाची प्रत मागा आणि वर्ग बघा. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे राहते असताना स्ट्रक्चरल दुरुस्ती. सी-३ किरकोळ. दुरुस्त करून ठेवायला मी सी-३ किंवा काम पूर्ण झालेली सी-२बी एवढंच सुचवेन. बँकेचा मूल्यांकन करणाराही बिल्डिंगचं उरलेलं आयुष्य मोजतो, त्यावर कर्जाची मुदत ठरते.

वरचा मजला घेणार असाल तर गच्चीवर जा. गळती लागली की जुना कोबा न काढता त्यावरच नवा कोबा, असं तीन-तीनदा केलेलं असतं. गळती तर राहतेच, वर स्लॅबला ओझं वाढतं. आणि किचन-हॉलमधली भिंत पाडायची फार हौस असते लोकांना. म्हाडाच्या जुन्या दुमजली-तिमजली बिल्डिंगी कित्येक ठिकाणी लोड बेअरिंग आहेत, त्यांत खांबच नसतात, भिंतीच वजन घेतात. तिथे भिंतीला हात लावायचा नाही. सोसायटीने परवानगी दिली तरी नाही.

बाथरूम नवी केलीत तर टाइल्स बसवायच्या आधी वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून तीन दिवस ठेवा, खाली रोज जाऊन बघा. मिस्त्री घाई करतो. त्याचे ते तीन दिवस मी कामाच्या रकमेतच धरतो, म्हणजे कुरकुर होत नाही.

विक्रोळी पूर्व, कन्नमवार नगरहून

घर रात्री नऊनंतर बघा. आम्ही सकाळी बघितलं होतं. कांजूरमार्गच्या डम्पिंगचा वास संध्याकाळनंतर वारा फिरला की येतो. रोज येत नाही, पण येतो तेव्हा खिडक्या लावाव्या लागतात. पहिली भाडेकरू, पाच महिन्यांची गरोदर मुलगी, दोन महिन्यांत सोडून गेली. मी अनामत पूर्ण परत केली, तिची काही चूक नव्हती. बाकी विक्रोळीबद्दल मला तक्रार नाही. पूर्व-पश्चिम जोडणारा पूल २०२५ मध्ये झाल्यापासून पश्चिमेला जाणं खूप सोपं झालंय.

ठाण्याहून (घर बोरिवलीत)

उपनगर निवडताना माझा एकच निकष चुकला: अंतर. घोडबंदर रोडने बोरिवली दूर वाटली नव्हती. पण दुरुस्तीचे अडीच महिने मी आठवड्यातून चारदा गेलो. आणि ज्या दिवशी गेलो नाही, त्या दिवशी बाथरूमचा उतार उलटा झाला. पुन्हा फोडावा लागला. नंतरही गीझर, नळ, शेजाऱ्यांची गळती, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती, लिव्ह अँड लायसन्सची दर अकरा महिन्यांनी नोंदणी, सगळं चालूच राहतं.

सोसायटी भाड्याच्या घरासाठी ना-वापर शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आमच्याकडे दुप्पट मेंटेनन्स लावला होता, लेखी अर्ज दिल्यावर कमी केला. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला २०२२ पासून मालमत्ता करात माफी आहे, एवढा फायदा झाला. तरी पुन्हा घेईन तर अर्ध्या तासात पोचेन असंच.

पुन्हा भांडुपहून

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ध्या तासाच्या अटीने बोरिवली आणि कांदिवली सुटली, मुलुंड उरलं. रविवारी रात्री साडेनऊला मुलुंड पूर्वेला गेलो, गव्हाणपाड्यापासून जवळ, दुसरा मजला, १९८९ ची बिल्डिंग. खालच्या आजींचं दार वाजवलं. त्यांनी आधी चहा ठेवला, मग बाथरूम दाखवली. छताला ओल आहे, कोपऱ्यात हातभर, बाकी कोरडं. नाण्याने ठोकलं, कोपरा सोडून भरीव वाजतंय. म्हणाल्या, "दोन वर्षं सांगतेय वरच्यांना. तुम्ही घेणार असाल तर हे आधी करा."

सेक्रेटरींनी इतिवृत्तांची फाइल शनिवारी देतो म्हटलंय. ऑडिटचा अहवाल मिळाला की त्यातला वर्ग इथे लिहिते. दहिसरच्या दादांनी एकदा नजर टाकावी.