मदत हवी आहे : शेळ्यांच्या शेडचं वेल्डिंग घरीच करायचंय, पण पुतण्याला पहिल्याच दिवशी आर्क (वेल्डिंगचा प्रखर झोत) डोळ्यांना लागली

नमस्कार मंडळी,

आमची शेती वाळवा तालुक्यात आहे. पावसाआधी शेळ्यांसाठी शेड उभं करायचंय. जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पाइपचे खांब, वर पत्रा, आत चाऱ्याची गव्हाण. फॅब्रिकेशनवाल्याची मजुरी परवडेना, म्हणून पुतण्याने २०० अँपिअरची सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणली. सोबत होल्डर, अर्थिंगचा क्लॅम्प, दोन केबल आणि हातात धरायची काळ्या काचेची ढाल आली. हातमोजे काही त्यात नव्हते.

परवा दुपारी त्याने भंगारातल्या पट्ट्यांवर हात बसवला. ढाल तोंडासमोर धरली की टाका कुठे मारायचा तेच दिसत नाही, म्हणून ढाल बाजूला ठेवून, डोळे मिटून टाके मारले. मधून मधून साधा काळा गॉगल लावला. संध्याकाळी नीट जेवला, झोपला. रात्री एकच्या सुमारास ओरडतच उठला. डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतंय म्हणाला, पाण्याच्या धारा, दिवा सहन होईना. वहिनीने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. शेजारच्या आजी डोळ्यांत दूध घाला म्हणत होत्या, ते मी होऊ दिलं नाही. सकाळी डॉक्टरांना दाखवलं, आता बरा आहे आणि मशीन परत बाहेर निघाली आहे.

पोराचा हात चांगला आहे. त्याला थांबवावं असं मला वाटत नाही, पण घरातला मोठा म्हणून पुढचं काम नीट व्हायला हवं. काच कोणती घ्यावी? जीआय पाइपचा पांढरा धूर निघतो, त्यावर सगळे गूळ खा म्हणतात, तेवढं पुरतं का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न लाइटचा. शेडच्या जागेवर फक्त मोटरची थ्री फेज लाइन आहे. गावातला एकजण म्हणतो, स्टार्टरमधून एक फेज घे, न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या तारेच्या) जागी जमिनीत सळई ठोक, मशीन चालते. त्याची चालतेही. मला मात्र धीर होत नाही.

---

वायरमन

दादा, सगळ्यात आधी लाइटचं सांगतो, कारण बाकी चुकलं तर दवाखाना आहे, इथे चुकलं तर तोही नाही.

सळईवरून न्यूट्रल अजिबात घेऊ नका. मशीनचा सगळा करंट त्या सळईतून मातीत उतरतो. सळई आणि तिच्या भोवतालची जमीन दोन्हींत व्होल्टेज येतं. माती ओली असेल तर ते आणखी लांब पसरतं. माणसापेक्षा जनावराला जास्त धोका, कारण पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त आणि करंट थेट छातीतून जातो. तुम्ही तर तिथे शेळ्या बांधणार आहात. त्या माणसाची मशीन चालते हे खरं असेल, पण उन्हाळ्यातली कोरडी जमीन आणि पहिल्या वळवानंतरची जमीन यांत फार फरक असतो.

माझा सल्ला असा की सांगाडे घरी बनवा. घरच्या मीटरवर फेज, न्यूट्रल आणि खरं अर्थिंग तिन्ही असतं. शेडच्या फ्रेम अंगणात जोडायच्या, पायाच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि शेतात नेऊन नट-बोल्टने उभ्या करायच्या. जागेवर वेल्डिंग करावंच लागलं तर भाड्याने जनरेटर आणा.

घरीही पंख्याच्या पॉइंटवरून मशीन लावू नका. १०० अँपिअरवर काम करताना अशी मशीन मेनमधून साधारण १५ ते २० अँपिअर ओढते. बोर्डापासून वेगळी लाइन, निदान ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, योग्य एमसीबी (जास्त करंट ओढला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळून शॉक बसू लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. एक्स्टेंशन वापरलं तर ते पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेलं तापून वितळतं.

एक गोष्ट बऱ्याच जाणत्या लोकांनाही ठाऊक नसते. आरसीसीबी मशीनच्या मेनच्या बाजूचा दोष पकडते. होल्डरच्या बाजूने शॉक बसला तर ती पडत नाही, कारण आउटपुट मेनपासून वेगळं असतं. मशीनच्या पाटीवर यू-शून्य असं लिहिलेलं असतं, बहुतेक ६० ते ९० व्होल्टच्या दरम्यान. रॉड (होल्डरमध्ये धरलेली वेल्डिंगची कांडी) टेकलेला नसताना होल्डरवर तेवढं व्होल्टेज उभं असतं. कोरड्या हाताला ते जाणवतही नाही. घामाने भिजलेला सदरा, ओला हातमोजा आणि लोखंडी सांगाड्यावर टेकलेली मांडी असं जमलं की तेच जिवावर बेततं. रॉड बदलताना हातमोजा काढायचा नाही, होल्डर काखेत धरायचा नाही, बसायला कोरडी फळी किंवा रबरी मॅट घ्यायची. पाऊस भुरभुरत असेल तर त्या दिवशी काम नाही.

---

दृष्टी

मी नेत्रतज्ज्ञ आहे. तुमच्या पुतण्याला झालं ते आम्ही दर आठवड्याला पाहतो. आर्कमधल्या अतिनील किरणांनी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर भाजतो. त्या पेशी लगेच गळत नाहीत, म्हणून त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो आणि पोरं म्हणतात, "दुपारी तर काहीच झालं नव्हतं". बहुधा एक-दोन दिवसांत भरून येतं. पापण्या मिटून टाका मारला तरी नेम चुकतोच, शिवाय पापणीची आणि चेहऱ्याची कातडी भाजते ती वेगळीच.

दूध घालू दिलं नाहीत हे फार चांगलं केलंत. वरचा थर गेलेल्या डोळ्यात दूध, मध, गुलाबपाणी काहीही घातलं तर जंतुसंसर्गाची भीती असते. स्वच्छ थंड पट्टी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा, डोळे चोळू नका, अंधारात पडून राहा आणि डॉक्टरांना दाखवा. औषधाच्या दुकानातून डोळा बधिर करणारे थेंब आणून घालत बसू नका. त्यांनी लगेच बरं वाटतं, पण जखम भरायला वेळ लागतो आणि वारंवार वापरले तर पडदा कायमचा खराब होऊ शकतो.

एक फरक ओळखायला शिका. आर्क लागली तर बहुतेक वेळा दोन्ही डोळे दुखतात. एकच डोळा खुपत असेल तर ग्राइंडरचा कण अडकलेला असू शकतो. लोखंडाचा कण दिवसभर राहिला तरी भोवती गंजाचं कडं धरतो. तो रुमालाच्या टोकाने किंवा जिभेने काढू नका. ग्राइंडिंग करताना आणि स्लॅग (टाक्यावर जमणारी कडक खपली) ठोकताना पांढरा, म्हणजे पारदर्शक चष्मा लावाच. वेल्डिंगची ढाल वर करून स्लॅग ठोकायची सवय फार घातक आहे.

---

आयटीआयचा वेल्डर

भोसरीत पत्र्याच्या शेडमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं मोठं लिहितो.

काच (नंबर जितका मोठा तितकी ती जास्त काळी) : २.५ एमएमचा ६०१३ (साध्या लोखंडासाठीचा नेहमीचा) रॉड ७०-८० अँपिअरवर चालवणार असाल तर १० नंबर, ३.१५ चा रॉड ११०-१२० वर असेल तर ११ नंबर. काळा गॉगल चालत नाही, गॅस वेल्डिंगचा ५ नंबरचा चष्माही नाही. पण नवशिक्याची खरी अडचण टाक्याची जागा न दिसणं हीच असते. तिथे नुसतं रागावून उपयोग नाही. त्याला डोक्यावर बसणारं ऑटो डार्कनिंग हेल्मेट घेऊन द्या. फिल्टरवर ४/९-१३ असं लिहिलेलं असतं, म्हणजे एरवी फिकट चार नंबर आणि आर्क पेटला की नऊ ते तेरा. दोन्ही हात मोकळे राहतात, जागा दिसते, आणि चांगल्या प्रमाणित फिल्टरमधून अतिनील किरण तो फिकट असतानाही येत नाहीत. या सगळ्या खरेदीत पैसे घालायची पहिली जागा हीच.

अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, गळ्याचं बटण लावलेलं. टेरिकॉट आणि नायलॉन ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. चामड्याचे लांब हातमोजे, चामड्याचा एप्रन, पायात बूट, पँट बुटाच्या वरून सोडलेली. खिशात लायटर नको. आणि बघायला जमणारी लहान मुलं लांब ठेवा. त्यांना आर्क बघायला फार आवडतो आणि त्यांच्या डोळ्यांना काहीच आडोसा नसतो. ताडपत्री बांधून घ्या.

आता जीआयचा धूर. तो पांढरा धूर म्हणजे जस्ताचं ऑक्साइड. काम करताना घशात गोडसर-धातूची चव येते, बाकी काही नाही. मग चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, खोकला. दुसऱ्या दिवशी उतरतो, म्हणून माणूस हवापालट म्हणून सोडून देतो. रोज काम करणाऱ्याला सवय होते, पण सुट्टीनंतर ती सवय जाते आणि सोमवारी परत ताप येतो. आमच्या शेडमध्ये याला सगळे सोमवारचा ताप म्हणायचे. गूळ, दूध खुशाल खा, पण त्यांनी फुप्फुसात गेलेला धूर थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला आहे. तेव्हा जोडाच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच जस्ताचा थर ग्राइंडरने काढा, तेही मास्क लावून. वेल्डिंग उघड्यावर, वारा एका बाजूने येईल असं उभं राहून. पाठीवर वारा घेतला तर धूर उलट फिरून तोंडाशी येतो. एन-९५ मास्क हेल्मेटच्या आत घट्ट बसवा, ओला रुमाल नाही. धाप लागली तर घरी वाट बघू नका. जोडलेल्या जागी नंतर झिंकचा रंग लावा, नाहीतर पहिल्या पावसात गंज धरेल.

शेळ्यांच्या शेडजवळ कडबा आणि पाचट असणार. ठिणग्या दहा मीटरपर्यंत उडतात आणि पाचटात पडलेली ठिणगी अर्धा-पाऊण तास धुमसत बसते. काम संपवून जेवायला जाणारी माणसं आग लावून जातात ती अशी. चारा आधी हलवा, जमीन ओली करा (तुम्ही उभे राहणार ती जागा सोडून), वाळूची बादली ठेवा आणि काम संपल्यावर तासभर एक माणूस तिथे थांबवा.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पुतण्याला शेजारी बसवून सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. फ्रेम अंगणात बनवून बोल्टने बसवायचं पक्कं केलं. वायरमन बोलावला आहे, हेल्मेटची ऑर्डर दिली.

आणखी दोन कामं डोक्यात आहेत. डिझेलचं एक रिकामं बॅरल पडलंय, ते उभं कापून शेळ्यांना पाण्याची टाकी करायची. आणि ट्रॉलीच्या चाकाच्या रिमला चीर गेलीय, हवा सोडून तिथेच टाका मारावा का?

---

आयटीआयचा वेल्डर

दोन्हींना नाही, दादा.

रिकामं बॅरल भरलेल्यापेक्षा वाईट. तळाशी आणि शिवणीत उरलेला डिझेलचा पातळ थर आर्कच्या किंवा ग्राइंडरच्या उष्णतेने वाफ होतो आणि आतल्या हवेत मिसळून स्फोट होतो. झाकण उडून माणसं गेलेली आहेत. नुसत्या पाण्याने धुऊन शिवणीतलं तेल निघत नाही. पिण्याच्या पाण्याला तसंही डिझेलचं बॅरल नको, प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापा.

रिमचं तर बऱ्याच जुन्या वेल्डरांनाही माहीत नसतं. टायर रिमवर असताना बाहेरून वेल्डिंग केलं तर आतलं रबर तापून त्याचा जळणारा वायू होतो आणि टायर फुटतो. हवा सोडलेली असली तरी हे होऊ शकतं. टायर पूर्ण उतरवून रिम मोकळी करा. चीर खोल असेल तर रिमच बदला, भरलेल्या उसाच्या ट्रॉलीचं वजन त्यावर येणार आहे.

ट्रॅक्टरवर कधी काही जोडायचं झालं तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवा आणि अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ, रंग खरवडून लावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंग जातं.

---

वायरमन

वायरमन आला की त्याच्याकडून घराच्या अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या. बऱ्याच घरांत तीन पिनचा सॉकेट असतो, पण अर्थची वायर बोर्डामागे नुसती लोंबत असते. आरसीसीबीचं टेस्ट बटण त्याच्यासमोर दाबून बघा आणि पुढे महिन्यातून एकदा पुतण्यालाच दाबायला सांगा. मशीनच्या पाटीचा फोटो इथे टाकलात तर एमसीबी कितीची लागेल ते नेमकं सांगतो.