मदत हवी आहे: मिठात इसेन्शियल ऑइल घालताना माझं काय चुकतंय?

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहिते. नुसतं "बिघडलं" म्हटलं तर कुणाला काही सांगता येणार नाही.

गेले दोन महिने घरी सुगंधी मीठ करून बघतेय. एक आंघोळीसाठी आणि पाय बुडवायला, दुसरं जेवताना वरून भुरभुरायला. दोन्हींसाठी इसेन्शियल ऑइलच्या, म्हणजे वनस्पतींपासून काढलेल्या तीव्र सुगंधी तेलांच्या, बाटल्या त्याच वापरल्या: पेपरमिंट, दालचिनी, लिंबू आणि रोझमेरी.

आंघोळीच्या मिठात दोन वाट्या एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट, खायचं मीठ नव्हे), एक वाटी जाडं मीठ, पेपरमिंटचे १५ आणि दालचिनीचे ५ थेंब घातले. बरणी खळखळ हलवली आणि रात्रभर ठेवली. आईचे पाय दुखतात म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्या पायांसाठी कोमट पाण्यात मूठभर टाकलं. वास छान दरवळला. पाण्यावर बारीक तेलकट ठिपके तरंगत होते, पण मीठ विरघळलंय म्हणजे तेलही मिसळलं असणार, असं मी धरून चालले. आई पंधरा मिनिटं शांत बसून होती. टॉवेलने पाय पुसायला बसले तेव्हा दिसलं की दोन्ही घोट्यांच्या वर, पाण्याची रेषा जिथे येते अगदी तिथेच, लाल कडं उमटलंय. खाली पावलं मात्र ठीक होती. आई म्हणाली, तिला काहीच जाणवलं नाही.

उरलेल्या मिठाचे खडे झाले, म्हणून ते ओव्हनमध्ये १०० अंशांवर सुकवायला ठेवलं. सुकायचं राहिलं बाजूला, ते ओलं होऊन पाझरायला लागलं आणि गार झाल्यावर त्याची दगडासारखी वडी बसली. वास तर पार उडून गेला.

खायच्या मिठाचं वेगळंच. १०० ग्रॅम जाड्या मिठात लिंबाचे ४ आणि रोझमेरीचे २ थेंब घातले. उकडलेल्या बटाट्यावर घातल्यावर पहिला घास सुरेख लागला, पण दुसऱ्या घासाला जीभ चुरचुरली आणि तोंड कडू झालं. दोन आठवड्यांनी त्याला वॉर्निशसारखा वास येऊ लागला. ज्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलं होतं तिचं झाकण आतून चिकट आणि पांढुरकं झालंय.

मीठ तेल शोषून घेत नाही का? थेंबांचं प्रमाण चुकलं की क्रम? आणि खायच्या मिठात हे तेल घालावं तरी का? कुणी नियमित करत असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, बाकी सगळं नंतर, आधी आईंबद्दल विचारते. लाल कडं येऊनही त्यांना काही जाणवलं नाही, हे वाचून काळजी वाटली. त्यांना मधुमेह आहे का? पायांची संवेदना कमी झाली असेल तर पाणी किती गरम आहे आणि तेल झोंबतंय का, दोन्ही कळत नाही. तसं असेल तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत पाय बुडवणं थांबवा. फोड आले किंवा कातडी सुटली तर आजच दाखवा.

काय झालं ते तुमच्या वर्णनातच आहे. इसेन्शियल ऑइल पाण्यात विरघळत नाही. मीठ विरघळलं की त्याच्या खड्यांना चिकटलेलं तेल सुटून वर येतं आणि त्याचा तवंग होतो. म्हणून पावलं ठीक राहिली आणि पाण्याच्या रेषेवरच कडं आलं. तिथे कातडीला निव्वळ तेल लागून होतं. मीठ तेलाला सौम्य करत नाही, फक्त पाण्यात टाकेपर्यंत धरून ठेवतं. त्यात दालचिनीचं तेल कातडीला सर्वात जास्त झोंबणाऱ्या तेलांपैकी आहे. लवंग आणि ओरेगॅनो त्याच पंक्तीतले. ही तीन तेलं आंघोळीच्या पाण्यात मी अजिबात घालत नाही.

पुन्हा असं झालं तर नुसतं पाणी ओतू नका, त्याने तेल निघत नाही. साधं खाद्यतेल लावून हलक्या हाताने पुसा आणि मग साबणाने धुवा.

मी स्वतः मीठ बिनवासाचंच ठेवते. आंघोळीच्या वेळी चमचाभर बदाम तेलात लॅव्हेंडरचे ४ ते ५ थेंब घोळवते आणि पूर्ण टबासाठी तेवढंच. हेही तवंग करतं, पण सौम्य झालेला. टब मात्र निसरडा होतो, वयस्क माणसांसाठी ते लक्षात ठेवावं लागतं. पाण्यात खरोखर मिसळायला हवं असेल तर पॉलिसॉर्बेट २० नावाचा, तेल पाण्यात मिसळवणारा द्रव मिळतो. तो तेलाच्या चौपट ते आठपट लागतो, तेलानुसार बदलतो. मिश्रणाचा थेंब पेलाभर पाण्यात टाकून बघा, वर तवंग आला तर तो कमी पडला समजा. लिंबाचं घाण्यावर काढलेलं तेल लावून लगेच उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते, म्हणून ते आंघोळीला नकोच.

ओव्हनचं कोडंही सोपं आहे. एप्सम सॉल्टच्या स्फटिकात वजनाने जवळजवळ निम्मं पाणीच असतं. तापवलं की तेच सुटतं. त्याला उष्णता देऊ नका, कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवा.

धागाकर्ती

हो, आईला बारा वर्षांपासून शुगर आहे. मी पाण्यात हात घालून बघितला होता, पण तिला जाणवणारच नाही हे डोक्यातच आलं नाही. उद्या सकाळीच दाखवते. मनापासून आभार.

दुसरा प्रतिसाद

मी खायच्या मिठाबद्दल लिहितो. बाटलीवर खाण्यायोग्य असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते तेल स्वयंपाकघरात आणूच नका. बाटल्यांवर दिसणारी "थेरप्यूटिक ग्रेड" ही कुठल्याही सरकारी यंत्रणेने दिलेली श्रेणी नाही, विकणाऱ्यांनी पाडलेलं नाव आहे. अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न व औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) यादीत लिंबू, रोझमेरी, पेपरमिंट ही तेलं स्वादासाठी मान्य आहेत, पण तिथे लेशमात्र वापर गृहीत धरलेला असतो. निलगिरी, टी ट्री आणि विंटरग्रीन तर पोटात जाताच कामा नयेत. विंटरग्रीनच्या एका चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ मिलीत, अ‍ॅस्पिरिनच्या ३२५ मिलिग्रॅमच्या वीसेक गोळ्यांइतकं सॅलिसिलेट (अ‍ॅस्पिरिनच्या जातीचं द्रव्य) असतं. घरात लहान मूल असेल तर या बाटल्या कुलपात ठेवा.

तुमचा पहिला घास गोड आणि दुसरा कडू लागला, कारण थेंब जिथे पडला तिथल्याच खड्यांना चिकटून बसला. बरणी हलवून तो पसरत नाही. तेल घालायचंच असेल तर एक थेंब चमचाभर मिठावर टाकून खलबत्त्यात चांगला घोटा. मग तेवढंच मीठ घालून पुन्हा घोटा, मग झालं त्याच्याइतकं आणखी. असं दुप्पट करत १०० ग्रॅमपर्यंत न्या. तेवढ्या मिठाला एक थेंब पुरतो. वॉर्निशचा वास आला तो लिंबाचं तेल हवेने खराब झाल्यामुळे. मिठावर पातळ पसरलं की हे फार लवकर होतं. झाकणाचं प्लॅस्टिक खाल्लं तेही तेलानेच. दोन्ही फेकून द्या.

पण खरं सांगू का, तेलाची गरजच नाही. एका लिंबाची साल किसा, फक्त पिवळा भाग घ्या, खालचा पांढरा कडू असतो. चार मोठे चमचे जाडं मीठ घेऊन ती साल त्यात बोटांनी चोळा. दोन मिनिटांत मीठ ओलसर होतं आणि बोटांना असा वास लागतो की हात धुवावेसे वाटत नाहीत. ताटात पसरून रात्रभर वाळवा, किंवा ओव्हन सर्वात कमी आचेवर ठेवून साल कुरकुरीत होईपर्यंत. वाळलेली रोझमेरी चुरडून घाला. तेल सालीतच राहतं आणि मीठ सालीतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते टिकतं.

आणखी एक. एप्सम सॉल्ट आणि जाडं मीठ बरणीत अगदी सारखं दिसतं. एप्सम कडू असतं आणि पोटात गेलं तर जुलाब होतात. बरण्या वेगळ्या आकाराच्या घ्या, चिठ्ठी लावा आणि ते मीठ न्हाणीघरातच ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांना कळवते. डॉक्टरांनी आईचे पाय नीट तपासले. फोड आले नाहीत, कडं फिकट पडलंय. पण मधुमेहात पाय पाण्यात भिजत ठेवायचे नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मीठ घालून नाही आणि साध्या पाण्यातही नाही. रोज धुवायचे, बोटांच्या बेचक्यांतून कोरडे पुसायचे आणि बघायचे. आता ते काम मी घेतलंय.

तेलाचं खायचं मीठ टाकून दिलं. काल लिंबाच्या सालीचं केलं. खलबत्त्यात चोळताना मीठ फिकट पिवळं होत गेलं, आणि आईने आतल्या खोलीतून विचारलं, लिंबू चिरतेस का? बटाट्यावर प्रत्येक घास सारखा लागला.

तिला तो पेपरमिंटचा वास मात्र फार आवडला होता. म्हणून काचेच्या वाटीत जाडं मीठ घेऊन त्यात दोन थेंब टाकलेत आणि वाटी खिडकीत, तिच्या हाताला लागणार नाही अशी ठेवलीय. वरची चिठ्ठी तिनेच लिहिली, "खायचं नाही". तिसऱ्या दिवशी वास अगदी मंद झाला. त्याच मिठात पुन्हा थेंब टाकत राहिलं तर चालेल, की दर वेळी मीठही बदलावं?