मदत हवी आहे: अंग बाहेर येण्यात (गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली उतरण्यात) ऊतींचे कोणते बदल भरून येतात?

प्रश्न: ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवताना हमखास विचारलं जातं, "सैल झालेलं परत घट्ट होईल का?" स्नायूंपुरतं सांगता येतं. पण गर्भाशयाला धरून ठेवणारे अस्थिबंध आणि बाहेर राहून जाड झालेलं योनीचं अस्तर, यांचं काय? शिवाय कोलॅजेन (ऊतींना बळकटी देणारं प्रथिन) एका अभ्यासात वाढलेलं, दुसऱ्यात घटलेलं, असं का?

उत्तर १: अस्तर सगळ्यात लवकर सुधारतं. योनीच्या अस्तरावर एरवी केराटिनचा (कातडीवर असतो तशा कडक प्रथिनाचा) थर नसतो. अंग सतत बाहेर राहिलं, कपड्याला घासलं की तो चढतो. अस्तर कोरडं, पांढरट, चामड्यासारखं होतं. पुढे घर्षण आणि रक्त साकळणं यांमुळे जखम होते. अंग आत बसवून ओलसर गॉजचा पॅक ठेवला, रजोनिवृत्तीनंतर जोडीला योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं, की बहुतेक जखमा भरतात. क्रीम डॉक्टरांनी तपासूनच, विशेषतः स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर. भरत नसलेल्या किंवा कडा टणक असलेल्या जखमेचा तुकडा तपासायला पाठवा, पेसरीची (अंग आत धरून ठेवायला योनीत बसवायच्या साधनाची) घाई नको.

अस्थिबंधांचं तसं नाही. व्यायामाने ते आखूड होत नाहीत. फायदा होतो तो लिव्हेटर स्नायू (ओटीपोटाच्या तळाचा मुख्य स्नायू) मजबूत होऊन त्यातली योनीमार्गाची फट लहान झाल्याने, कारण मग अस्थिबंधांवरचा ताण उतरतो. प्रसूतीत हा स्नायू जघनास्थीपासूनच सुटला असेल, तर व्यायामाने तो परत चिकटत नाही. उरलेला भाग तेवढा बळकट होतो. हे आधीच सांगा, नाहीतर बाई स्वतःलाच दोष देत बसते.

उत्तर २: कोलॅजेनचा गोंधळ नमुन्यातून येतो. नुसतं अस्तर घेतलं की भिंतीची पूर्ण जाडी? रजोनिवृत्तीच्या आधी की नंतर? हायड्रॉक्सिप्रोलिन (कोलॅजेनमधलं एक अमिनो आम्ल) मोजणारी चाचणी एकूण कोलॅजेन सांगते, प्रकार १ आणि ३ वेगळे दाखवत नाही. प्रकार १ जाड, भार पेलणारा; ३ बारीक, लवचीक. एकूण तेवढंच राहून ३ चा वाटा वाढला तरी आधार ढिला पडू शकतो.

आणि नमुना घेतात तेव्हा अंग बरेचदा कित्येक वर्षं उतरलेलं असतं. ताणलेली ऊती स्वतःला दुरुस्त करत राहते, त्यामुळे दिसणारा बदल कारण की परिणाम, हे एका तुकड्यावरून ठरत नाही. उंदरांतला पुरावा मात्र ठोस आहे: इलॅस्टिनचे (ऊतींना लवचीकपणा देणाऱ्या प्रथिनाचे) धागे जोडणारं एलओएक्सएल१ एन्झाइम नसलेल्या माद्यांचं अंग प्रसूतीनंतर उतरतं.

प्रश्नकर्ता: व्यायाम किती दिवस करून मग ठरवायचं?

उत्तर १: अंग उतरण्याच्या पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात देखरेखीखाली किमान १६ आठवडे. त्याआधी "उपयोग नाही" म्हणू नका.